पुल्ली हलकी, मामा जड

माझ्या गाडीचं वजन पावणेदोन किलोंनी घटलं, त्या दिवसापासून गावातलं माझंही वजन उतरायला लागलं. गाडीचं पुन्हा जागेवर आलं. माझं अजून यायचं आहे.

गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलवरची, तेराशे सीसीची. रंग मूळचा पांढरा. सध्याचा रंग काळी माती आणि आमच्या दारातल्या निंबावरची पाखरं यांनी आपसात ठरवलेला. या गाडीच्या बाबतीत कुणी 'परफॉर्मन्स' हा शब्द तोंडातून काढेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या घरात तो शब्द नातीच्या शाळेतल्या गॅदरिंगपुरता येतो आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या ड्रेसबरोबर परत जातो. पण एप्रिलच्या शेवटी पुण्याहून भाचा आला आणि पाठीवरच्या पिशवीतून त्याने निळं, चकचकीत, पुरणपोळीच्या लाटीपेक्षा थोडं मोठं असं एक चाक काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे पाह्य मामा."

"काय हाय?"

"क्रँकची पुल्ली. अ‍ॅल्युमिनियमची. साडेपाचशे ग्रॅम. तुह्या गाडीतली लोखंडी सव्वादोन किलोच्या वर हाय."

"मंग?"

"मंग काय! इंजिन मोकळं होते. फुकटचं ओझं काऊन फिरवाचं?"

फुकटचं ओझं हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं, एवढंच नोंदवून पुढे जातो.

मी निवृत्त मराठीचा मास्तर, आणि तोही रिद्धपूरचा. हे जरा समजावून सांगायला हवं. मोर्शी तालुक्यातलं आमचं गाव हे महानुभावांच्या गोविंदप्रभूंचं. चक्रधरस्वामी इथेच त्यांना भेटले. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' इथेच लिहिलं. त्यामुळे मराठी गद्य हे आमच्या वाड्यातलं पीक असल्यासारखं आम्ही वागतो. त्यात 2024 साली गावात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तेव्हापासून तर पानठेल्यावर उधारीची वहीसुद्धा जरा जपून लिहिली जाते. आणि या म्हाइंभटांची थोरवी काय? चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्या माणसांकडे ते स्वतः गेले, एकेकाकडून ऐकलं, आणि ऐकलेलं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय कागदावर घ्यायची नाही, हे मी चौतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून पोरांना सांगितलं.

आणि मी स्वतः काय केलं? भाच्याच्या मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. त्यात काळी टोपी उलटी घातलेला एक परदेशी मुलगा इंग्रजीत काहीतरी म्हणत होता, मागे इंजिन गुरगुरत होतं आणि तो अंगठा वर करत होता. मी म्हटलं, "बसव."

मिस्त्रीचं गॅरेज रस्त्याला लागून, एका निंबाच्या झाडाखाली. गॅरेज म्हणजे झाड हेच मुख्य. बाकी टिनाचा आडोसा, एक बाज आणि गाडीच्या खाली सरकवायची फळी. मिस्त्री सातवीत माझ्या वर्गात होता. तेव्हा तो शब्दांचे अर्थ चुकीचे सांगायचा आणि मी त्याला बाकावर उभं करायचो. आता तो गाडीखाली आडवा असतो आणि मी उभा असतो. त्याने निळी पुल्ली हातात घेतली, उलटीपालटी केली, नखाने टिचकी मारली. ती टण्ण वाजली.

"सर, याच्यात रबर नाई."

"रबर कायले पाहिजे? टायर हाय का ते?" भाचा म्हणाला.

मिस्त्री हसला नाही. मिस्त्री हसला नाही की खर्च असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जुनी पुल्ली काढणं हा एक स्वतंत्र सोहळा झाला. तिच्या मधोमध एक मोठा बोल्ट असतो. तो सोळा वर्षं हललेला नव्हता आणि सतराव्या वर्षी हलावं असं त्याला काही कारण दिसत नव्हतं. क्रँक फिरू नये म्हणून मला गाडीत बसवून गिअर टाकायला लावला आणि सांगितलं, "सर, ब्रेक दाबून ठेवा. सोडू नोका." पान्यावर पाइप चढवला. पाइपवर मिस्त्री लोंबकळला. मग मिस्त्रीवर भाचा लोंबकळला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. पाऊण तासाने माझा गुडघा कडकन वाजला आणि बाहेरून दोघांचा एकदम आवाज आला, "सुटला!" बोल्ट सुटला होता की गुडघा, याचा खुलासा अजून झालेला नाही.

जुनी पुल्ली बाजेवर ठेवली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. काळी, गंजलेली, तेलाने माखलेली. तिचे दोन भाग असतात हेही तेव्हाच कळलं. आत एक लोखंडी गाभा, बाहेर एक लोखंडी कडं, आणि दोघांच्या मधे बोटभर जाडीचा रबराचा वळसा. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मिस्त्री त्या रबरावरून अंगठा फिरवत म्हणाला, "सर, क्रँक हा सरका नाई फिरत. पिस्टन जेव्हा खाली हाणते ना, तेव्हा तो पिळला जाते. मंग उलटा सुटते. पिळला, सुटला. पिळला, सुटला. हे बाहेरचं कडं आपल्याच तालात झुलते अन् ते पिळणं खाऊन टाकते."

पुस्तकी मराठीत सांगायचं तर भुजादंडाला पीळ बसतो आणि तो कंप पावतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असलं, तर त्या बिचाऱ्या दांड्यावर सेकंदाला शंभर फटके बसतात. शाळेत आम्ही एका पोराला वर्षभरात इतके मारत नव्हतो. फटक्यांचा ताल आणि दांड्याचा स्वतःचा ताल कुठल्यातरी एका वेगाला जुळला की कंप वाढत जातो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की झोका आढ्याला लागतो, तसं. दांडा जितका लांब तितकं हे दुखणं जास्त. एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनांनी याचा फार ताप दिला. शेवटी 1910 च्या सुमारास इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर या माणसाने क्रँकच्या टोकाला कंप खाणारं जड कडं लावायची युक्ती काढली. म्हणजे या रबरी वळशामागे शंभर वर्षांचं डोकं आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी मिस्त्रीला म्हणालो, "बरं बरं, चहा सांग."

बाजेवर एक म्हातारबुवा बसले होते. जवानीत त्यांनी तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी पळवलेली. मधली काही वर्षं पटावर बंदी होती, 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, तेव्हापासून त्यांच्या बोलण्याला पुन्हा धार आली आहे. त्यांनी दोन्ही पुल्ल्या दोन हातांत तोलल्या, मग माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"पटात छकडा हलका करत होतो आमी," ते म्हणाले. "पन पयले हाकनारा हलका पाहत होतो."

बेल्ट बसवताना दुसरी भानगड निघाली. निळी पुल्ली वजनाने तर कमी होतीच, घेरानेही लहान होती. भाच्याने सांगितलं की हा दोष नसून गुण आहे. पुल्ली लहान म्हणजे बेल्ट सावकाश फिरतो. बेल्ट सावकाश म्हणजे डायनामा, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर सगळे सावकाश. ते कमी ताकद खातात आणि उरलेली ताकद चाकांना मिळते. ऐकायला अगदी सरकारी काटकसरीच्या परिपत्रकासारखं. पण जुना बेल्ट आता लांब पडला. ढिला बेल्ट घातल्यावर गाडी सुरू होताच असा काही चीत्कार झाला की समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून मोर्शीच्या दिशेला निघाली. आखूड बेल्टासाठी भाचा अमरावतीला गेला आणि तीन दुकानं पालथी घालून परत आला. येताना गिलावडे आणले, त्यामुळे घरातलं वातावरण तात्पुरतं निवळलं.

पहिली फेरी आम्ही दोघांनीच मारली.

"हलकी वाटते ना मामा?"

पुल्ली, बेल्ट, मजुरी आणि गिलावडे मिळून सहा हजार गेले होते. सहा हजार गेल्यावर माणसाला जे वाटतं ते मला वाटलं. "वाटते," मी म्हणालो. मग आणखी दाबलं आणि म्हणालो, "लयच हलकी वाटते." भाचा मोबाइलवर माझं शूटिंग करत होता. ती फीत आजही त्याच्याकडे आहे आणि पैशांचा विषय निघाला की तो ती बाहेर काढतो.

इथे माझे एक मित्र येतात. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेले, आणि त्यामुळे लग्नकार्यात कुणी शेजारी बसवून घेत नाही असे. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. फिरणाऱ्या वस्तूचं ओझं तिच्या वजनावर असतं, त्याहून जास्त तिच्या घेरावर. घेर निम्मा झाला की ओझं चौथाई. पुल्ली आधीच लहान. इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं फ्लायव्हील तिच्यापुढे गावच्या पाटलासारखं. तिकडे हात न लावता इकडे पावणेदोन किलो कमी करणं म्हणजे पाटलाला तसंच ठेवून कोतवालाचा पगार कापणं. बराच वेळ खाडाखोड करून त्यांनी उत्तर काढलं: पहिल्या गिअरमध्ये या पुल्लीचा फायदा गाडीतून साधारण दहा किलोंचं पोतं उतरवल्याइतका. वरच्या गिअरमध्ये मात्र जेमतेम अर्धा किलो.

"अर्धा किलो काय?" मी विचारलं.

"काहीही. संत्री धर."

मी मुकाट्याने डिकी उघडली. आत होतं: बहिणीकडे पोचवायचं राहिलेलं वीस किलो तांदळाचं पोतं, बारशाला नेलेला आणि परत द्यायचा विसरलेला जर्मनचा गंज, मागच्या वर्षीच्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे, आणि एक पाटा. पाटा का होता ते आम्हा नवराबायकोला अजून आठवलेलं नाही. वरवंटा घरीच होता. मित्रांनी प्रत्येक वस्तूकडे एकेकदा पाहिलं, पत्रिकेची घडी घातली आणि निरोप न घेता निघून गेले.

तरी इथवर सगळं घरातल्या घरात होतं. अब्रू गेली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

दूरच्या नात्यातल्या पुतण्याचं लग्न. नवरदेवासाठी ठरवलेली मोठी गाडी ऐन वेळी आली नाही. भाच्याने चारचौघांत जाहीर केलं, "आमच्या मामाची घ्या. परफॉर्मन्स गाडी हाय." गाडी धुतली, झेंडूच्या माळा लावल्या, बॉनेटवर लाल-हिरवी लुकलुकणारी पट्टी चिकटवली आणि तिची वायर सरळ बॅटरीला जोडली. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री. नवरदेव शेरवानीत. आम्ही काचा वर केल्या आणि एसी फुल केला.

आता वरातीचा वेग काय असतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. समोर डीजे, त्याच्यामागे नाचणारे, त्यांच्यामागे नाचणाऱ्यांना आवरणारे, आणि मग नवरदेवाची गाडी. चार पावलं पुढे, दहा मिनिटं उभं. इंजिन चालू, पण आरामात; फेऱ्या आठशेच्या आसपास. आणि आमची ती गुणी पुल्ली नेमक्या याच वेळी आपला गुण दाखवते. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जोरात असतं, तिथे डायनामा थोडा हळू फिरला तरी निभून जातं. उभ्या गाडीत तो आधीच डुलक्या घेत असतो. त्यात पुल्ली लहान म्हटल्यावर तो झोपतोच. कॉम्प्रेसरही झोपतो. पाण्याचा पंपही.

पाच मिनिटांत एसीतून आलेली हवा घरच्या चुलीसमोरच्या हवेशी जुळली. नवरदेवाच्या कपाळावरचं गंध नाकाच्या शेंड्यावर आलं. त्याची करवली मागच्या सीटवरून म्हणाली, "काकाजी, एसी चालू करा ना." मी म्हणालो, "चालूच हाय." ती म्हणाली, "मंग बंद करा."

मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मी त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मग उष्णतेचा काटा चढायला लागला. त्याच्यावर ठेवायला फूल उरलं नव्हतं. बॉनेटवरची लाल-हिरवी पट्टी आधी मंद झाली, मग नुसती लाल राहिली, मग तीही गेली. आणि पोलीस पाटलांच्या घरासमोर, गावाची सगळ्यात मोठी गर्दी जिथे उभी राहते तिथे, गाडी बंद पडली. चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्सुद्धा नाही.

डीजेवाल्याला वाटलं, मुद्दाम थांबवली. त्याने आवाज वाढवला.

पुढचा तपशील थोडक्यात सांगतो कारण गावात तो सविस्तर सांगितला जातोच. धक्का मारायचा तर आतलं वजन कमी करायला हवं. सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मी उतरलो. स्टिअरिंगवर नवरदेव बसला, कारण तोच सगळ्यांत सडपातळ. शेरवानीच्या बाह्या वर करून, फेटा सावरत त्याने दुसरा गिअर टाकला आणि आम्ही सतरा जणांनी मागून रेटा दिला. गाडी एकदम सुरू झाली. नवरदेवाला थांबायचं सुचलं नाही, की थांबवलं तर पुन्हा बंद पडेल अशी भीती वाटली, ते देवच जाणे. तो वरात सोडून एकटाच मंडपात जाऊन पोचला. नवरीकडचे लोक आरतीचं ताट घेऊन दारात उभे आणि नवरदेव गाडीतून ओरडतो आहे, "बंद करू नोका म्हनलं काकाजीनं!"

त्या दिवशी गाडीचा परफॉर्मन्स दिसला तो एवढाच.

लग्न लागलं. गाडी मिस्त्रीच्या निंबाखाली दोन दिवस राहिली. भाचा म्हणाला, "मामा, हे शहरातल्या ट्रॅफिकसाठी नाईच मुळी. हायवेवर पाह्य." म्हणून आम्ही हायवेवर पाहायला निघालो. सोबत अमरावतीला डोळे दाखवायला जाणारी माझी आत्या, वय ब्याऐंशी. ऐंशीच्या पुढे काटा गेला तशी गाडीच्या पोटातून एक गुणगुण सुरू झाली. वाईट नव्हती, तंबोरा लावताना येते तशी. मग ती गिअरच्या दांडीतून माझ्या कोपरात आली. आरशातली मागची गाडी दोन दिसायला लागली. आत्या कवळी काढून हातात घेत म्हणाली, "बाप्पा, माह्ये दात आपोआप वाजून रायले रे."

मी वेग कमी केला, दात थांबले. वाढवला, सुरू झाले. मिस्त्री म्हणाला होता तो ताल हाच असावा. आत्याच्या कवळीइतकं अचूक यंत्र त्या गाडीत दुसरं नव्हतं. जुळत्या वेगाला ती वाजायची, त्याच्या अलीकडे-पलीकडे गप्प. तरी भाच्याने मत दिलं की ही 'स्पोर्टी फील' आहे.

परतताना सरळ निंबाखाली. मिस्त्रीने पुल्लीचा बोल्ट पान्याने नुसता धरला, आणि ज्या बोल्टाने पाऊण तास दोघांना लोंबकळवलं होतं तो दोन बोटांच्या जोरावर फिरला.

"सर, अजून पंधरा दिस चालवली असती ना," तो म्हणाला, आणि वाक्य अर्धंच ठेवून तेलाच्या पंपाकडे बोट दाखवलं. त्या पंपाचे दाते क्रँकवरूनच चालतात. कंप खाणारं कुणी नसलं की तो कंप मग बाकीचे खातात: बेरिंग, चेन, फ्लायव्हीलचे बोल्ट, पंपाचे दाते. दाता तुटला की तेल बंद, आणि तेल बंद झालं की इंजिन जाम व्हायला चहा गार व्हायच्या आधीचा वेळ लागतो. नशीब की इथे नुसता बोल्ट ढिला होण्यावर निभावलं.

मी भाच्याला म्हटलं, "ती फीत लाव पाहू परत."

आम्ही तिघांनी मोबाइलभोवती डोकी जुळवून ती पाहिली. पहिली चार मिनिटं पाहिलेलीच. मग एक जाहिरात. आणि जाहिरात संपल्यावर उलट्या टोपीचा तो मुलगा पुन्हा आला आणि मान हलवत सांगू लागला की ज्या इंजिनाची कंपनीची पुल्लीच एकसंध, बिनरबराची असते तिथे ही चालते. जिथे मूळ पुल्लीत रबर आहे तिथे ते काढू नका. पुढे तर तो म्हणाला की अमेरिकेत चौथाई मैलाच्या सरळ शर्यतीत एका ठरावीक वेळेच्या आत अंतर कापणाऱ्या गाड्यांना हा डँपर, म्हणजे ही कंप खाणारी पुल्ली, नुसता हवाच असं नाही, तर एसएफआय 18.1 या प्रमाणाचा हवा, नाहीतर उतरूच देत नाहीत. म्हणजे जे खरोखर पळतात ते हे ओझं पैसे देऊन, शिक्का मारून घेतात.

"हे तू पाहिलं नव्हतंस?"

"मधे जाहिरात आली ना मामा."

म्हाइंभट गावोगाव हिंडले त्या काळी जाहिराती नव्हत्या, हे त्यांचं भाग्य म्हणायचं.

"जुनी पुल्ली आणा," मिस्त्री म्हणाला.

घरी येऊन मी गॅलरीत पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. बायको निवांतपणे तुरी निवडत होती.

"अजी, ते कायं चाक म्हनता का? भंगारवाल्याले देल्लं. जड होतं म्हनून साठ रुपये आले."

भंगारवाला गावाच्या टोकाला राहतो. त्याने पुल्ली बाजूला काढून ठेवली होती. त्याची नजर आमच्यापेक्षा चांगली. देताना ती भंगार होती, घेताना ती 'ओरिजिनल पार्ट' झाली. आठशेला सौदा तुटला. साठचे आठशे एका महिन्यात! एवढं व्याज मोर्शीचा सावकारही घेत नसेल.

मिस्त्रीने ती पुसली, खडूने गाभ्यापासून कड्यापर्यंत रबरावरून एक सरळ रेघ ओढली आणि ती बसवून गाडी दहा मिनिटं फिरवली. बंद करून वाकून पाहिलं. आतली रेघ बाराच्या ठोक्याला होती, कड्यावरची सव्वाच्या. रबर सुटलं होतं. कडं आपलं आपलं फिरत होतं.

"नवीन लागते," मिस्त्री म्हणाला. आणि मग बिल लिहिलं. महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या काढल्या. आमच्या मिस्त्रीची लिपी त्याच घराण्यातली असावी. शेवटचा आकडा तेवढा स्वच्छ देवनागरीत असतो.

नवी पुल्ली आणायला मी स्वतः अमरावतीला गेलो. भाच्यावर आता माझा विश्वास गिलावड्यांपुरताच उरला होता. जाताना मनाशी ठरवलं, एवढी मोठी परंपरा, गावात विद्यापीठ, आपण दुकानात मराठीतच मागायचं. वाटेत दोनदा घोकलं. काउंटरवर पोरगा उभा होता.

"भुजादंडाची कंपनशामक कप्पी हवी होती."

पोरगा आदराने म्हणाला, "काकाजी, मेडिकल समोर हाय."

मागून मालक आले. मी खुलासा केला. कंप, पीळ, कडं, रबर. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मागे वळून ओरडले, "अबे, डंपर पुल्ली दे सरले!" दोन मिनिटांत काळी, जड, रबराची पुल्ली काउंटरवर आली. चोवीसशे रुपये. पिशवीत टाकली तेव्हा खांदा खाली गेला, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

ती बसली. लांब बेल्ट परत आला. एसी गार झाला. आत्याचे दात गप्प झाले, आणि तिने डॉक्टरकडे जाताना गाडीला हात लावून नमस्कार केला. मात्र गावात अजून कुणाकडे लग्न निघालं की नवरदेवाचे वडील आमच्या दारावरून जाताना चालीचा वेग वाढवतात. पानठेल्यावर मला 'परफॉर्मन्स सर' म्हणतात, आदरार्थी.

परवा भाचा पुन्हा आला. जेवायला बसलो होतो. त्याने मोबाइल काढला, माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "मामा, पुल्लीचं सोड. तो विषयच छोटा होता. खरा फरक फ्लायव्हीलनं पडते. साडेतीन किलोचं मिळते आता…"

बायको चुलीवरून वांग्याच्या भाजीचं उकळतं पातेलं घेऊन आली. "सरका," ती म्हणाली. तिने पायाने निळी पुल्ली पुढे ओढली, नीट सपाट बसवली आणि तिच्यावर पातेलं ठेवलं.

"लय मस्त अडनी हाय," ती भाच्याला म्हणाली. "हलकी हाय, अन् हलत नाई. असं अजून एक मोठं आन. रोडग्याच्या वरनाचा गंज बसत नाई याच्यावर."